न छापलेल्या ओळी

आमचे वडील फोर्टमधील एका कचेरीत लघुलेखक होते. वसईतील त्या पिढीच्या पुष्कळ कुटुंबांत असा एखादा लघुलेखक किंवा टंकलेखक हमखास सापडतो. सकाळची गाडी पकडून चर्चगेट गाठायचे, दिवसभर साहेबांची इंग्रजी पत्रे शॉर्टहँडमध्ये उतरवून टाइप करायची आणि दिवेलागणीस घरी येऊन वाडीतल्या केळींना पाणी लावायचे, हा क्रम बाबांनी ३७ वर्षे पाळला. १९९४ साली ते निवृत्त झाले आणि १९९८ साली गेले.

आई त्यांच्यामागे वीस वर्षे राहिली. ती गेल्यावर जुने कौलारू घर उतरवायचे ठरले, तेव्हा तिच्या पेटीतून लग्नाचा दाखला, जुनी रेशनकार्डे आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या सात फ्लॉप्या निघाल्या. सव्वापाच इंचांच्या, काळ्या, हाताने वाकतील अशा. प्रत्येकीवर बाबांच्या रेखीव अक्षरांत एकच मजकूर होता : ‘पत्रे – मस्कत’. आमचे थोरले बंधू १९८८ सालापासून मस्कतला नोकरीस होते. त्यांना पाठवलेली ती पत्रे होती, हे उघडच होते. परंतु ती वाचायची कशी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या काळच्या लिहिण्याच्या यंत्राची जी ओळख झाली, ती वाचकांपुढे ठेवावी असे वाटले. आमच्या घरातील एक जुना हिशेबही त्या ओळखीतूनच चुकता झाला.

बाबांच्या कचेरीत संगणक आला तो १९८९ साली. तेव्हा त्यांचे वय ५३ होते. सगळे आयुष्य त्यांनी टाइपरायटरवर काढले होते, आणि त्या यंत्राची शिस्त मोठी कडक होती. एका पत्राच्या चार प्रती हव्या असतील, तर कागदांमध्ये तीन कार्बन घालायचे. एक अक्षर चुकले तर चारही ठिकाणी ते खोडरबराने खरवडायचे, आणि पुसल्याचा डाग साहेबांच्या नजरेतून सुटत नसे. पत्रातला दुसरा परिच्छेद चौथ्या जागी न्यावा असे साहेबांच्या मनात आले, की सगळे पान पुन्हा टाइप करणे आले. “आज साहेबांनी तीनदा विचार बदलला,” असे बाबा घरी येऊन म्हणत, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ ‘आज बोटे दुखतात’ असा असे.

अशा माणसाच्या पुढ्यात ‘वर्डस्टार’ ठेवण्यात आले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी स्टेशन रोडवरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटांच्या पाट्यांवर ‘वर्डस्टार, लोटस, डीबेस’ अशी त्रयी झळकत असे, ती आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. त्यांतले हे पहिले नाव. खाजगी संगणकावर लिहिण्याची पहिली सोय मायकेल श्रेयर यांनी १९७६ साली अमेरिकेत केली होती. तिचे नाव ‘इलेक्ट्रिक पेन्सिल’. त्यानंतर दोनएक वर्षांत कॅलिफोर्नियातील मायक्रोप्रो या कंपनीने वर्डस्टार बाजारात आणले. कंपनी सीमूर रुबिनस्टीन यांची, आणि आज्ञावली लिहिली रॉब बार्नबी यांनी. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला आणि पुढच्याच वर्षी वर्डस्टार त्याच्यावर चालू लागले. विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क यांनी श्रीलंकेत राहून ‘२०१० : ओडिसी टू’ ही कादंबरी वर्डस्टारवर लिहिली आणि कोलंबोहून न्यूयॉर्कला ती एका फ्लॉपीवरून धाडली. ती १९८२ साली प्रसिद्ध झाली. आख्खी कादंबरी एका चकतीत! त्या काळी हे नवलच होते.

आज मागे वळून पाहता वाटते की, वर्डस्टारचा प्रत्येक गुण गरिबीतून जन्मला होता. ज्या यंत्रांसाठी ते मुळात रचले गेले, त्यांची स्मरणशक्ती पुष्कळदा ६४ किलोबाइटच असे, म्हणजे जेमतेम ६५ हजार अक्षरांची. मजकूर त्याहून मोठा झाला, तर वर्डस्टार त्यातला हवा तेवढाच तुकडा चकतीवरून उचलून पुढ्यात घेई आणि बाकीचा चकतीवरच ठेवी. पुष्कळ कळफलकांवर बाणांच्या कळाही नसत. म्हणून पडद्यावर हिंडण्यासाठी डाव्या हाताखालची अक्षरेच कामाला लावली होती. कंट्रोलची कळ दाबून ‘ई’ म्हणजे वर, ‘एक्स’ म्हणजे खाली, ‘एस’ डावीकडे, ‘डी’ उजवीकडे. कळफलकावर ही चार अक्षरे एका चौकटीच्या चार टोकांसारखी बसली आहेत. त्यांच्या बाहेरच्या बाजूस ‘ए’ आणि ‘एफ’. ती एकेक अक्षर न सरकता एकेक शब्द ओलांडत. हात जागचा न हलवता सगळे पान पालथे घालता येई. नजर कागदावर ठेवून दहा बोटांनी टाइप करणाऱ्या माणसाला ही रचना जणू आपल्यासाठीच केली आहे असे वाटावे, आणि बाबांना ते तसे वाटलेही.

सर्वांत मोठे नवल होते ते मजकूर हलवण्याचे. परिच्छेदाच्या आरंभी कंट्रोल-के-बी, शेवटी कंट्रोल-के-के, मग हव्या त्या जागी जाऊन कंट्रोल-के-व्ही. दुसरा परिच्छेद चौथ्या जागी जाऊन बसे आणि मागे डाग म्हणून काही उरत नसे. कंट्रोल-क्यू-ए दिले की एका नावाच्या जागी दुसरे नाव सगळ्या मजकुरात बदलता येई. बाबा हे पहिल्यांदा पाहून आले, त्या रात्री जेवताना त्यांनी ताटातला भात एका बाजूचा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला आणि आईला म्हणाले, “असं. आणि इथं काही सांडलेलं नाही.”

एक गोष्ट मात्र त्यांना फार दिवस जमली नाही. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते आणि हात आपोआप कॅरेज ढकलतो. संगणकावर ओळ आपोआप वळते, लिहिणाऱ्याने थांबायचे नसते. पण तीन तपांच्या सवयीचा हात थांबतो कुठे? प्रत्येक ओळीच्या शेवटी बाबा एंटर दाबत. वर्डस्टार दोन प्रकारच्या ओळअखेरी ओळखत असे. एक लिहिणाऱ्याने हेतुपूर्वक केलेली, तिला ते हात लावीत नसे. दुसरी त्याने स्वतःच्या सोयीने केलेली, ती मजकूर बदलला आणि कंट्रोल-बी दिले की नव्याने जुळत असे. बाबांच्या सगळ्याच ओळी पहिल्या प्रकारच्या. त्यामुळे मध्ये एक शब्द घातला की पान विस्कटे, आणि कितीही कंट्रोल-बी दिले तरी सावरत नसे. यंत्र म्हणत होते, “ही ओळ इथे संपावी ही तुमचीच इच्छा ना? मग मी कोण मोडणारा?”

लिहिणाऱ्याची इच्छा कोणती आणि यंत्राची सोय कोणती, याची नोंद वर्डस्टार मजकुरातच ठेवीत असे. ती नोंदच पुढे आमच्या मार्गात आडवी आली.

फ्लॉप्या घेऊन आम्ही लॅमिंग्टन रोडवर बरीच पायपीट केली, तेव्हा एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे त्या मापाचा चालता ड्राइव्ह मिळाला. सातांपैकी तीन फ्लॉप्यांना बुरशीने खाल्ले होते. चारांतला मजकूर उतरला. घरी येऊन उत्सुकतेने पहिले पत्र उघडले आणि चकितच झालो. अक्षरे रोमन होती, पण जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या शेवटी कानामात्रा दिल्यासारखी चिन्हे. ‘ए’च्या डोक्यावर तिरकी रेघ, ‘आय’च्या जागी रेघ दिलेला ‘ई’, कुठे लाटेसारखी खूण असलेला ‘ओ’. वसईच्या माणसाला अशी अक्षरे परकी नाहीत; १७३९ सालापर्यंत येथे पोर्तुगिजांचा अंमल होता. क्षणभर वाटले, बाबा पोर्तुगीज केव्हा शिकले?

उलगडा केला तो मस्कतच्या दादांच्या मुलीने. ती संगणक अभियंता आहे. तिने सांगितले ते असे. संगणक प्रत्येक अक्षर आठ खुणांनी लिहितो. इंग्रजी लिपीला सात खुणा पुरतात, त्यांतून १२८ जागा तयार होतात. आठवी खूण मोकळी राहते. वर्डस्टारने ती वाया जाऊ दिली नाही. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर ते आठवी खूण करून ठेवी, म्हणजे ओळ दोन्ही कडांना सारखी बसवताना शब्दांमधली जागा कुठे वाढवायची ते त्याला कळे. स्वतः घातलेल्या जागांवर आणि स्वतः वळवलेल्या ओळींवरही तीच खूण. त्या खुणेची किंमत १२८. इंग्रजी ‘ए’चा क्रमांक ९७, तो शब्दाच्या शेवटी आला की २२५ होई. वर्डस्टारला ते माहीत होते. आजच्या आज्ञावलीला ते माहीत नाही, तिच्या यादीत २२५ व्या जागी रेघवाला ‘ए’ आहे, म्हणून ती तो दाखवते. मुलीने पाचसात ओळींची एक आज्ञावली लिहिली : क्रमांक १२७ च्या वर असेल तर त्यातून १२८ वजा कर. पोर्तुगीज नाहीसे झाले आणि खालून बाबांची मराठी वर आली.

होय, मराठीच, पण रोमन लिपीत. मस्कतला मुलाशी इंग्रजीत बोलणे त्यांना जड गेले असावे, आणि त्या यंत्राला देवनागरी येत नव्हती. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने संगणकात बसवण्याचे जिस्ट कार्ड पुढे आणले होते, त्याने देवनागरी उमटत असे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ‘इस्की’ हे प्रमाणही ठरले. त्यात इंग्रजी अक्षरे खालच्या १२८ जागांत ठेवून आपल्या लिप्यांना वरच्या जागा दिल्या होत्या. म्हणजे ज्या आठव्या खुणेवर वर्डस्टार आपली टिपणे ठेवीत होते, नेमकी तीच जागा आपल्या अक्षरांना हवी होती. बाबांच्या कचेरीत तसले कार्ड नव्हते, आणि इंग्रजी पत्रव्यवहारासाठी त्याची गरजही नव्हती. कचेरी सुटल्यावर, साहेबांची परवानगी घेऊन, स्वतःची फ्लॉपी आणि स्वतः विकत घेतलेला कागद घेऊन ते बसत आणि ‘प्रिय बाळ’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहीत.

पत्रे वाचताना बाबा शिकत गेलेले दिसतात. १९९० सालच्या पत्रांत प्रत्येक ओळीच्या शेवटी हाताने दाबलेले एंटर आहे. हळूहळू ते विरळ होते. १९९१ च्या मे महिन्यातील पत्रात ते फक्त परिच्छेदाच्या शेवटी उरते. ५५ व्या वर्षी त्यांच्या कानातली घंटी थांबली, असे आम्ही त्यावरून समजलो.

आणि मग आम्ही जून १९९१ च्या पत्राशी आलो.

येथे थोडे मागचे सांगणे भाग आहे. त्या वर्षी आम्ही बारावीला गणितात नापास झालो. निकालानंतर दोनतीन आठवड्यांनी दादांचे पत्र आले, त्यात उपदेश आणि थोडा राग होता. दादांना कळवले कोणी? आईला लिहिण्याची सवय नव्हती. तेव्हा बाबांनीच, कचेरीत बसून, त्या नव्या यंत्रावर आमच्या अपयशाची सुबक प्रत काढली असली पाहिजे, असे आम्ही ठरवून टाकले. महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनीही काही विचारले नाही, काही खुलासा केला नाही. पुढे बोलणे सुरू झाले, आम्ही पास झालो, नोकरीस लागलो. परंतु तो सल मनात राहिलाच. बाबा गेले तेव्हाही तो होता, हे आज लाज वाटत असूनही लिहीत आहोत.

आता वर्डस्टारच्या आणखी दोन सोयी सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही.

पहिली टिंबाच्या ओळींची. ओळीच्या अगदी पहिल्या जागी टिंब दिले की ती ओळ मजकूर न राहता छपाईची सूचना होई. टिंब-पी-एल म्हणजे पानाची लांबी, टिंब-पी-ए म्हणजे येथून नवे पान. ही ओळ पडद्यावर दिसे, कागदावर उमटत नसे. आणि एकाऐवजी लागोपाठ दोन टिंबे दिली, तर ती ओळ कोणतीच सूचना नव्हे; लिहिणाऱ्याने स्वतःसाठी केलेली टीप. तीही कागदावर येत नसे. दुसरी सोय अशी की, मजकूर दुरुस्त करून पुन्हा ठेवला की वर्डस्टार आधीची प्रत फेकून न देता ‘बॅक’ अशा शेपटीच्या नावाने बाजूला ठेवी. यंत्र बिघडले, वीज गेली, तर निदान आधीची आवृत्ती हाती राहावी हा हेतू. सुरुवातीच्या वर्डस्टारमध्ये केलेला बदल उलटा फिरवण्याची सोय नव्हती, म्हणून ही मागची प्रत मोलाची असे.

बाबांच्या पत्रांत दोन टिंबांच्या ओळी जागोजागी आहेत. लघुलेखकाची सवय, जे सांगायचे आणि जे सांगायचे नाही, दोन्हींची टिपणे. ‘आईच्या गुडघ्याचे लिहू नये.’ ‘कर्जाचा विषय नको, तो रजा मोडून येईल.’ आणि खालच्याच ओळीत, छापण्याच्या मजकुरात : ‘येथे सर्व क्षेम आहे. विहिरीला पाणी भरपूर.’

जूनच्या पत्रातली ओळ अशी आहे : ‘धाकट्याचा निकाल लिहू नये. तो स्वतः सांगेल.’

तिच्या मागे दोन टिंबे.

त्या पत्राची मागची प्रतही फ्लॉपीवर शाबूत होती. तिच्यात टिंबांची ओळ नाही. तिच्या जागी तीन वाक्ये आहेत : ‘धाकटा गणितात राहिला. मेहनत कमी पडली असे मला वाटत नाही. तू त्याला रागाने काही लिहू नकोस.’ म्हणजे बाबांनी आधी लिहिले, ठेवले, पुन्हा उघडले, ती वाक्ये पुसली आणि स्वतःला बजावले. त्यानंतर ते पत्र त्यांनी आणखी एकदा जरी उघडून ठेवले असते, तरी यंत्राने मागच्या प्रतीवर नवी प्रत चढवली असती आणि ही तीन वाक्ये जगातून नाहीशी झाली असती.

आम्ही मस्कतला फोन लावला. दादांनी सगळी पत्रे जपून ठेवली होती. कडांना भोके असलेल्या लांब कागदावर ठिपक्यांच्या प्रिंटरने उमटवलेली. जूनचे पत्र काढून त्यांनी ते आम्हांस वाचून दाखवले. पाऊस वेळेवर आला, हे वाक्य. त्याच्यापाठोपाठ आत्याची तब्येत. मधे काही नाही. टाइपरायटर असता तर खरवडल्याचा डाग तरी दिसला असता. “मग तुम्हांला कळवले कोणी?” आम्ही विचारले. दादा थोडे थांबून म्हणाले, “आपल्याच आळीतला एक जण सुट्टीवरून परत आला होता, तो म्हणाला. का रे? आता काय त्याचे?”

लिहिण्याच्या यंत्रांचा पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेतील युटा राज्यात ॲलन ॲश्टन हे प्राध्यापक आणि ब्रूस बॅस्टियन हे त्यांचे विद्यार्थी यांनी घडवलेले ‘वर्डपरफेक्ट’ वर्डस्टारच्या पुढे गेले. त्याचा पडदा कोऱ्या कागदासारखा स्वच्छ असे. परंतु एक कळ दाबली की खालच्या अर्ध्यात मजकुरामागच्या सगळ्या छुप्या खुणा उघड होत. १९८३ साली मायक्रोसॉफ्टचे ‘वर्ड’ आले. ते घडवणारे चार्ल्स सिमोन्यी त्याआधी झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात ‘ब्राव्हो’ या आज्ञावलीवर काम करीत होते. पडद्यावर दिसेल तेच कागदावर उमटावे, ही तिची प्रतिज्ञा. अखेर तीच चाल सर्वत्र रूढ झाली. वर्डस्टार मागे पडले, तरी त्याला न सोडणारेही आहेत. कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी २०१४ साली सांगितले की, ते अजून डॉसच्या जुन्या संगणकावर वर्डस्टारमध्येच लिहितात. आणि १९९१ साली ज्याची पहिली आवृत्ती निघाली त्या युनिकोडमुळे आपल्या लिपीला स्वतःच्या जागा मिळाल्या, कोणाच्या आठव्या खुणेवर हक्क सांगावा लागला नाही.

पडद्यावरचे आणि कागदावरचे एकच व्हावे, यात सोय आहे यात शंका नाही. मात्र बाबांच्या यंत्राने पडद्यावर आणि कागदावर जो भेद ठेवला होता, त्या भेदात त्यांना घरातले दुःख ठेवायला जागा मिळाली होती. मुलाला काळजी नको म्हणून त्यांनी कागद स्वच्छ ठेवला, आणि आपण काय दडवले ते विसरू नये म्हणून पडद्यावर लिहून ठेवले. खोटे त्यांनी कधी लिहिले नाही. विहिरीला पाणी खरेच भरपूर होते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही सगळी पत्रे एकत्र करून घरच्या प्रिंटरवर छापली. एक प्रत दादांना, एक त्यांच्या मुलीला, एक आम्हांला. आजच्या आज्ञावलीला दोन टिंबांचा अर्थ ठाऊक नाही. तिच्या लेखी ती नुसती दोन टिंबे. त्यामुळे त्या ओळीही इतर ओळींबरोबर कागदावर आल्या.